पाहुण्याच्या भरवशावर

दातवाले काका हे नाव ऐकून माणसाला वाटतं, या गृहस्थांचे दात पुढे तरी असतील, नाहीतर नसतील तरी. तसं काही नाही. काकांचे बत्तीसच्या बत्तीस दात जागेवर आहेत, फक्त ते दाखवायचा प्रसंग फारसा येत नाही. काका लोकांच्या कवळ्या बनवतात. दवाखान्यात बसून नव्हे. डॉक्टर पेशंटच्या जबड्याचं माप घेतात, ते डब्यात बसून काकांकडे येतं, काका त्याचा प्लास्टरचा साचा करतात, मेणात एकेक दात लावतात, आणि तयार कवळी घासून चकचकीत करून त्याच डब्यातून परत पाठवतात. ज्याच्या तोंडात ती जाते तो माणूस काकांना कधी दिसत नाही. एवढी वर्षं झाली, शेकडो लोक काकांनी लावलेल्या दातांनी हसले असतील, जेवले असतील, शेजाऱ्यांशी भांडले असतील, पण एकानेही रस्त्यात थांबवून ‘बरी बसली हो’ असं म्हटलेलं नाही. म्हणणार तरी कसं? त्यांनाही काका कुठे माहीत आहेत.

कामाची खोली एका इमारतीच्या मागच्या अंगाला आहे. पॉलिशचं यंत्र चालू झालं की रेडिओ ऐकू येत नाही आणि बंद झालं की सगळंच फार ऐकू येतं. डबे आणणारा माणूस दारातूनच डबा देतो आणि दारातूनच नेतो. आत आला तर कपड्यांना पांढरी पावडर लागते. त्याचं बरोबरच आहे.

काकांचं लग्न झालेलं नाही. का, याला एक असं उत्तर नाही. आधी आईचं आजारपण होतं, मग नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलं, मग वय झालं, आणि मग विचारणारेच थांबले. विचारणारे थांबले की माणूस सुटला म्हणतात. काकांना तसं कधी वाटलं नाही.

अशा घरात ताईचा मुलगा शिकायला म्हणून राहायला आला. काकांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या. भाचा म्हणजे नुसता धुमाकूळ. ओला टॉवेल पलंगावर, फ्रिजचं दार उघडं, बूट बरोबर तिथे काढलेले जिथे अंधारात पाय अडकतो. त्यानेच तो पत्त्यांचा खेळ घरात आणला. ‘मामा, बसा. पाच मिनिटांत शिकवतो,’ म्हणाला. मामांना शिकायला पाच संध्याकाळी लागल्या, पण एकदा लागले ते नादालाच लागले. दोन वर्षं रोज जेवण झालं की ताटं बाजूला आणि पत्ते टेबलावर. मग भाच्याला दूर कुठेतरी नोकरी लागली. जाताना तो पत्त्यांनी भरलेलं बुटांचं खोकं ठेवून गेला. ‘तुमच्याकडेच ठेवा मामा, मला आता वेळ कुठे मिळणार!’ त्यानंतर पलंग कोरडा राहू लागला. काका मात्र बरेच दिवस अंधारात बूट चुकवून चालत होते.

खेळ साधा आहे, निदान सांगायला. प्रत्येकाचा आपापला चाळीस पानांचा कॅट असतो. पोरं त्याला डेक म्हणतात, काका कॅटच म्हणतात. शेकडो पानांतून आपली चाळीस आपण निवडायची, आणि अर्धा खेळ त्या निवडीतच असतो. प्रत्येकाच्या घरात दहा दिवे लागलेत असं धरायचं. आपल्या पाळीला एक पान उचलायचं, हातातली पानं खेळायची, समोरच्याचे दिवे विझवायचे. पान खेळायला तेल लागतं आणि तेल दर पाळीला मोजकंच मिळतं. ज्याच्या घरात काळोख झाला तो हरला. आणखी एक नियम आहे, जो सगळ्यांना पाठ आहे आणि कोणाच्याच उपयोगाचा नाही: उचलायला पानच उरलं नाही तरी माणूस हरतो. पण चाळीस पानं संपेपर्यंत डाव टिकतो कुठे? त्याच्या कितीतरी आधी कोणाच्या तरी घरात अंधार झालेला असतो.

भाचा गेल्यावर काका हा खेळ खेळायला एका दुकानात जाऊ लागले. पुढे वह्या, पेनं, खेळणी, आणि मागच्या खोलीत घडीची टेबलं. रविवारी दुपारी तिथे खेळणारे जमत. काका त्या सगळ्यांत वयाने निदान वीस वर्षांनी मोठे. मंडळी वाईट नव्हती. ‘या काका’, ‘बसा काका’, ‘काका, तुमची पाळी’, सगळं अगदी रीतसर. काका आले की सरकून जागा देत, आणि काका उठून गेले की ते गेलेत हे कोणाच्या लक्षात येत नसे. डाव संपला की पोरं घोळक्याने कुठेतरी खायला जात. एकदा कोणीतरी ‘काका, येताय?’ असं विचारलं होतं. काका भिडेखातर ‘नको, तुम्ही जा’ म्हणाले आणि ती मंडळी खरंच गेली. माणसाने एकदा तरी आग्रह करावा की नाही? आता पोरांना कोणी सांगावं की आपल्याकडे पहिलं ‘नको’ हे ‘हो’च असतं म्हणून.

तर दरवर्षी मोठ्या शहरात या खेळाची स्पर्धा होते. दुकानदार आपली गाडी काढतो आणि दुकानातल्या चौघांना घेऊन जातो. सकाळी निघायचं, लॉजवर मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी खेळून परत यायचं. यंदा तिघं ठरलेले होते. चौथा दरवर्षीचा, पण त्याचं लग्न झालं आणि त्याचे रविवार संपले. दुकानदाराने जाहीर केलं, ‘ज्यांना यायचंय त्यांनी नावं द्या. आठ जणांचे सामने लावतो. हरला तो घरी, शेवटी उरेल तो गाडीत.’

काकांनी नाव दिलं. सगळ्यांना वाटलं, काकांना स्पर्धेची हौस आली. काकांना स्पर्धेचं काडीचंही आकर्षण नव्हतं. तिथे पहिल्याच फेरीत आपला निकाल लागणार हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना हवी होती ती गाडी. चार-पाच तास जायला, चार-पाच तास यायला. वाटेत चहाला थांबणं, ‘काच खाली करा’, ‘काच वर करा’, खिडकीशी कोणी बसायचं यावरून भांडण, एकाचं घोरणं आणि बाकीच्यांनी त्याची टिंगल करणं. ते घोरणं आपलं असलं तरी काकांची हरकत नव्हती. गाडीत बसलेल्या माणसाला ‘नको, तुम्ही जा’ म्हणायची सोयच नसते. काकांना चौथी जागा मिळवायची होती, इतकीच गोष्ट होती, आणि ती त्यांनी कोणालाही सांगितली नाही.

आता जिंकायचं तर कसं? नेहमीच्या पद्धतीचे कॅट पोरांच्या हाताखालून हजारदा गेलेले. त्यांच्याच चालीने त्यांच्यापुढे जाणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं. काहीतरी वेगळं हवं होतं, कोणी न पाहिलेलं. काकांनी बुटांचं खोकं टेबलावर पालथं केलं आणि एकेक पान वाचायला घेतलं. त्यात त्यांना ‘पाहुणा’ सापडला.

हे पान खोक्यात तीनदा होतं, म्हणजे एका कॅटात जास्तीत जास्त चालतात तेवढं. दुकानातल्या नको असलेल्या पानांच्या डब्यातही ते पडलेलं असे, कारण ते कोणीच खेळत नसे. चित्रात दारात उभा असलेला एक माणूस, हातात पिशवी. पानाचं काम असं, की तीन तेल खर्चून हा पाहुणा समोरच्याच्या घरात बसवायचा. जोवर तो तिथे आहे तोवर घरमालकाला दर पाळीला दोन पानं जास्त मिळतात. नको असेल तर घरमालकाने दोन तेल खर्चून त्याला घालवून द्यायचं, की तो ज्याचा त्याच्या हातात परत. म्हणजे आपण होऊन शत्रूचा फायदा करायचा! कोण शहाणा खेळेल?

काकांच्या डोक्यात मात्र तो बिनकामाचा नियम चमकला. समोरच्याला दर पाळीला तीन-तीन पानं मिळाली तर त्याचा कॅट किती लवकर संपेल! घरात दोन पाहुणे बसवले तर विचारायलाच नको. आपण फक्त तग धरायचा. काकांनी तीन पाहुणे घेतले आणि बाकी सगळा कॅट भिंती, बंद दारं, धुकं, कुलपं असल्या पानांनी भरला. समोरच्याचा एकही दिवा विझवू शकेल असं एकही पान त्यात नव्हतं. जिंकायचं ते पाहुण्याच्या भरवशावर. वेड्याचा बाजार होता खरा, पण त्यात एक ऐट होती. काकांनी कॅटाचा फोटो काढून भाच्याला पाठवला. भाच्याने अंगठा पाठवला. काकांनी तो अंगठा बराच वेळ बघितला, मग फोन खाली ठेवला.

पुढचा प्रश्न, कॅट खेळून बघायचा कोणाबरोबर? दुकानातल्या कोणाला दाखवला तर गुपित फुटणार. शिवाय ‘जरा माझ्याबरोबर बसता का’ असं विचारायचं म्हणजे ‘वेळ नाही’ हे ऐकायची तयारी हवी. ती काकांची नव्हती. तेव्हा त्यांनी जेवणाच्या टेबलावर समोरासमोर दोन खुर्च्या मांडल्या. एका बाजूला पाहुण्यांचा कॅट, दुसऱ्या बाजूला पोरं खेळतात तसला हल्ल्याचा कॅट. आपली पाळी खेळायची, पानं पालथी ठेवायची, उठायचं, टेबलाला वळसा घालून पलीकडच्या खुर्चीत बसायचं आणि समोरच्याची पाळी खेळायची. बसल्या जागेवरून दोन्ही हात खेळता आले असते, पण काका सचोटीचे. लबाडी नको म्हणून ते दर पाळीला उठत. पलीकडच्या खुर्चीत बसल्यावर अलीकडच्या पानांचा विचार करायचा नाही, असा त्यांचा नेम होता.

पलीकडच्या खुर्चीत ते प्रामाणिकपणे खेळत. भिंती पाडत, दिवे विझवत, वेळप्रसंगी दातओठ खाऊन हल्ला करत. फक्त घरात पाहुणा येऊन बसला की त्याच्याकडे एकदा बघत, हाताशी तेल आहे हेही बघत, आणि म्हणत, ‘बसू दे. काय त्रास आहे त्याचा?’ शिवाय जास्तीची पानं मिळायची ती वेगळीच. दर वेळी असंच होई. दर वेळी पाहुणा राही, कॅट संपे, आणि अलीकडचे काका जिंकत. पाहुण्याला घालवणं ही एक चाल आहे, ती कोणीतरी खेळेल, हे काकांच्या मनात एकदाही आलं नाही. माणूस लबाडी टाळू शकतो, पण स्वभाव काही पलीकडच्या खुर्चीत ठेवून येता येत नाही.

महिनाभर रोज संध्याकाळी हे चाललं. पलीकडच्या खुर्चीची गादी भाचा गेल्यापासून फुगूनच होती, ती हळूहळू बसकी झाली. एकदा काम करता करता आपण घरी जायची वाट बघतोय हे काकांच्या लक्षात आलं, आणि त्यांना त्या गोष्टीची थोडी लाज वाटली आणि बरंही वाटलं.

सामन्यांच्या दिवशी सकाळी ताईचा फोन आला. तो दर रविवारी येतो.

‘काय रे, आवाज का असा? जेवतोस ना वेळेवर?’

‘जेवतो गं. आज सामना आहे.’

‘त्या पत्त्यांचाच ना? खरं सांग मला, पैसे लावून खेळता का तुम्ही?’

‘नाही गं ताई. एक पैसासुद्धा नाही.’

‘मग खेळतोस कशाला?’

काका म्हणाले, ‘जिंकलो तर दुकानातल्या लोकांबरोबर गावाला जायचंय. गाडीने.’

‘कोण लोक? ओळखीचे आहेत?’

‘आहेत की.’

‘नावं काय त्यांची?’

काकांना तिघांपैकी दोघांची नावं नीट ठाऊक नव्हती. ते म्हणाले, ‘ताई, दारावर कोणीतरी आलंय,’ आणि फोन ठेवला. दारावर कोणी नव्हतं.

पहिला सामना औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या एका गृहस्थांशी होता. त्यांना सगळे औषधवाले म्हणत. काकांनी तिसऱ्या पाळीला पाहुणा त्यांच्या घरात ठेवला. औषधवाल्यांनी पान उचलून वाचलं आणि त्यांचे डोळेच चमकले.

‘दर पाळीला दोन पानं? आणि मला?’

‘तुम्हाला.’

‘काका, फुकट ते पौष्टिक!’ असं म्हणून त्यांनी पाहुण्याला मांडी ठोकून बसू दिलं. पुढच्या पाळ्यांना दुसराही आला, तिसराही आला. औषधवाल्यांच्या हातात पानं मावेनात. तेल मात्र मोजकंच, त्यामुळे खेळायची किती आणि धरायची किती! भिंती पाडता पाडता त्यांनी कॅटाकडे हात नेला आणि तिथे टेबलच लागलं. ते कॅटाच्या जागेकडे बघत राहिले. मग हसत सुटले. आजूबाजूचे उठून बघायला आले. ‘काका, हे काय बनवलंय!’ कोणी पाठीवर थाप मारली, कोणी पान हातात घेऊन वाचलं, आणि दुकानदार लांबून ओरडला, ‘काका, बॅग भरा!’

काकांची बॅग भरलेलीच होती, पण ते तसं म्हणाले नाहीत. त्यांचे कान गरम झाले होते. पाठीवर जिथे थाप पडली होती ती जागा त्यांना वेगळी जाणवत होती. इतकी वर्षं दात पाठवून जे झालं नाही ते एका डावात झालं होतं. आपण केलेली वस्तू लोकांनी आपल्यासमोर हातात घेऊन बघितली होती.

दुसरा सामना एका मुलीशी. ती घरोघरी पार्सलं पोचवायची आणि दिवसभर स्कूटीवर असायची, म्हणून तिला सगळे स्कूटीच म्हणत. बोलायला फटकळ, पण खेळताना अगदी गप्प. पहिला सामना आधीच उरकून ती बाहेर चहाला गेली होती, त्यामुळे काकांचा डाव तिने बघितला नव्हता. काकांनी मनात म्हटलं, चला, हेही आपल्याच पथ्यावर.

तिसऱ्या पाळीला पाहुणा तिच्या घरात गेला. तिने पान वाचलं. परत वाचलं. मग काकांकडे बघितलं.

‘म्हणजे याचं खाणंपिणं तुम्ही करणार आणि पानं मला मिळणार?’

‘हो. तसंच आहे ते.’

‘काका, दिवसातून शंभर दारं वाजवते मी. फुकट कोणी पाणीसुद्धा विचारत नाही.’ तिने दोन तेल बाजूला सरकवलं. ‘घालवला.’

पान टेबलावरून सरकत परत आलं. काकांना क्षणभर कळेचना की हे काय झालं. नियम त्यांना तोंडपाठ होता. पण महिनाभरात त्यांनी हे होताना एकदाही बघितलं नव्हतं. त्यांनी पाहुणा पुन्हा बसवला. स्कूटीने पुन्हा घालवला. बसवायला तीन तेल, घालवायला दोन. दर खेपेला काका एकाने मागे पडत होते, आणि त्या एका तेलातून स्कूटी दिवा विझवत होती. दुसरा पाहुणा आला, तोही गेला. भिंत घालावी तर तेल नाही, तेल वाचवावं तर पाहुणा हातातच. भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात तो असा. काका तरीही पाहुणाच पुढे करत राहिले, कारण दुसरं पुढे करण्यासारखं त्यांनी काही घेतलंच नव्हतं. शेवटचा दिवा विझला तेव्हा तिन्ही पाहुणे त्यांच्या हातात होते. चौथी जागा गेली होती.

या वेळी कोणी उठून बघायला आलं नाही. पलीकडच्या टेबलावर दुसरा सामना रंगात आला होता आणि सगळे तिकडे वाकले होते. या वयात पत्त्यांपायी इतकं मनाला लागावं याचा काकांना राग आला. ते पानं गोळा करू लागले.

स्कूटी उठली नव्हती. तिचा पुढचा सामना तो पलीकडचा डाव संपल्यावर होता. तिने हात पुढे करून पाहुण्याचं एक पान घेतलं आणि उलटसुलट करून बघितलं.

‘कल्पना झकास आहे हो काका. पण सगळं समोरच्यानं याला घालवू नये यावरच! कोणाबरोबर खेळून बघितलात?’

‘एक मित्र आहे,’ काका म्हणाले. कसं कोण जाणे, पण तोंडातून तेच गेलं.

‘आणि तो घालवत नव्हता?’

‘नाही.’

‘एकदासुद्धा नाही?’

काका विचारात पडले. ‘एकदासुद्धा नाही.’

‘कमाल आहे! खेळता येतं ना त्याला?’

‘बरं खेळतो. बाकीचं सगळं बरं खेळतो.’ काकांनी कॅट टेबलावर ठोकून सारखा केला, मग पुन्हा एकदा ठोकला. ‘एकटा असतो तो. घरी कोणी येत नाही त्याच्या. त्यामुळे आलेल्याला जा म्हणणं त्याला सुचत नसेल.’

पलीकडे एकदम गलका झाला. डाव संपला होता आणि दुकानदार स्कूटीच्या नावाने हाका मारत होता. ती उठली, पान काकांच्या कॅटावर ठेवलं आणि म्हणाली, ‘घेऊन या ना त्याला एखाद्या रविवारी. मी असते.’

‘विचारतो,’ काका म्हणाले.

ती गेली. काकांनी पानं डब्यात भरली, खुर्ची आत सरकवली. त्यांना त्या मित्राचं फार वाईट वाटलं.